मापवाले नळीसमोर उभे राहतात

माझे मेहुणे काय करतात असं कोणी विचारलं की मी सांगतो, शिंपी आहेत. समोरचा माणूस त्यांच्या हातांकडे बघतो, तर नखांत तेल आणि बाह्यांवर लाकडाचा भुसा. मग मला खुलासा करावा लागतो की कपड्यांचे नव्हेत, बंदुकांचे. आमच्या नेमबाजी क्लबाच्या मागच्या अंगाला त्यांची खोली आहे. मातीच्या तबकड्या फोडणाऱ्या हौशी लोकांच्या बंदुका ते ज्याच्या त्याच्या अंगाला बसवून देतात. कोणाचा खांद्याला टेकणारा दस्ता बोटभर कापायचा, कोणाच्या गालाखाली लाकूड चढवायचं, कोणाच्या नळीवरची पट्टी वर घ्यायची. क्लबात त्यांना नावाने कोणी ओळखत नाही, सगळे मापवाले म्हणतात. माझी ताईसुद्धा रागावली की 'अहो मापवाले' म्हणते, आणि ती बऱ्याचदा रागावते.

मी त्याच क्लबात यंत्रावर आहे. नेमबाज उभे राहतात त्यांच्या पुढे जमिनीत एक सिमेंटचा खड्डा आहे. त्यात बसून मी तबकड्या फेकणारी यंत्रं भरतो आणि माझ्या डोक्यावरून दिवसभर छर्रे जातात. लोकांना वाटतं मी मोठा धीराचा आहे. मी मुळीच धीराचा नाही. खड्ड्याचं छत दीड हात जाड आहे हे स्वतः मोजलं आणि मगच ही नोकरी धरली.

आता मापाचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. गिऱ्हाईक बंदूक खांद्याला लावून उभं राहतं. त्याचा डोळा नळीवरच्या पट्टीच्या बरोबर मधोमध आणि बरोबर उंचीवर आला की नाही, हे बाजूने कळत नाही आणि मागून तर नाहीच नाही. ते समोरूनच कळतं. म्हणजे कोणीतरी नळीच्या तोंडासमोर उभं राहायचं आणि पट्टीवरून उलटं त्या माणसाच्या डोळ्यात बघायचं. भाऊजींनी सत्तावीस वर्षं हेच केलं. तीन पावलांवर उभे राहायचे, आपल्या उजव्या डोळ्याखाली बोट टेकवायचे आणि म्हणायचे, "इथे नेम धरा. आता चाप ओढा."

बंदूक अर्थातच रिकामी. पण रिकामी म्हणजे भाऊजींनी स्वतः बघितलेली रिकामी. ते बंदूक उघडायचे, एकावर एक असलेल्या दोन्ही नळ्यांतून खिडकीकडे बघायचे, दोन्हींत करंगळी घालायचे. रिकामी बंदूक तशीच खटकवली तर आतली पिन खराब होते, म्हणून दोन्ही नळ्यांत एकेक डमी काडतूस घालायचे, तेही स्वतःच्या हाताने. क्लबाचे अध्यक्ष एकदा म्हणाले, "मी बघितलीय हो उघडून." भाऊजी म्हणाले, "छान केलंत," आणि पुन्हा उघडली. या बाबतीत ते नाकावर माशी बसू देत नसत. मी त्यांना चिडवायचो, की तुमची करंगळी एवढी तेलकट, तिच्यातली लग्नातली अंगठी कधी घसरली ते ताईला कळलंसुद्धा नसेल.

या त्यांच्या नियमात एकच फट होती. ती म्हणजे बारकी.

बारकी त्यांची एकुलती एक मुलगी, माझी भाची. आता ती माझ्या डोक्याच्या वर गेली तरी नाव बारकीच. भुसा खेळत त्या खोलीत वाढली, बाराव्या वर्षी तिने पहिली तबकडी फोडली आणि सतराव्या वर्षी क्लबातल्या मोठमोठ्या पुरुषांना पाणी पाजायला लागली. मान उंच, खांदे उतरते. अशा अंगाला बाजारातली बंदूक बसत नाही. भाऊजींनी तिच्यासाठी उंच पट्टीची बंदूक बसवायला घेतली आणि त्या कामात पाच महिने घालवले. दर आठवड्याला ती समोर बंदूक धरायची, ते नळीसमोर उभे राहायचे, आणि दोघांच्या इकडच्या तिकडच्या गप्पा चाललेल्या असायच्या. तिला सगळं येत होतं, म्हणून डमी तीच भरायची. ते बघायचेसुद्धा नाहीत.

त्यांची डमी काडतुसं घरची होती. उडालेल्या काडतुसांच्या रिकाम्या लाल नळकांड्यांत वाळू भरून त्यांनीच ती बनवलेली. दिसायला खऱ्यासारखी. कोणी म्हटलं की अहो वेगळा रंग तरी द्या, तर म्हणायचे, "माझ्या बोटांना वजन कळतं." आणि खरंच कळायचं. पण ते त्यांच्या बोटांना.

दीड वर्षापूर्वीची गोष्ट. दुपारचे चार वाजले असतील. बारकी मैदानावरून आली, तिने जाकिटाचे खिसे टेबलावर रिकामे केले आणि बंदूक घेऊन मापाला उभी राहिली. मी चहा करून त्यांना बोलवायला गेलो तेव्हा भाऊजी नळीसमोर उभे होते. बारकीने चाप ओढला, खट् झालं. चाप एकच, पण रीत अशी की तो दोनदा ओढून दोन्ही नळ्या खटकवायच्या, आधी खालची, मग वरची. मी दारातून म्हणालो, "चहा निवतोय." भाऊजी म्हणाले, "चला, पुरे आता." त्यांनी बंदूक तिच्या हातातून घेतली आणि उघडली.

बंदूक उघडली की ज्या नळीचा चाप ओढलाय तिच्यातलं काडतूस आपोआप बाहेर फेकलं जातं. न ओढलेल्या नळीतलं नुसतं थोडं वर येतं, ते हाताने काढावं लागतं. भाऊजींनी वरच्या नळीतलं हाताने काढलं आणि ते तसेच उभे राहिले. मग त्यांनी मूठ खिशात घातली. बारकी टेबलावरची काडतुसं परत खिशात भरत होती, तिची पाठ होती. भाऊजी माझ्याकडे बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता. चहा त्यांनी घेतलाच नाही.

संध्याकाळी खड्ड्यात येऊन, खाली माझ्याशेजारी बसून त्यांनी खिशातून ते काढलं. खरं होतं.

"तू हाक मारली नसतीस तर तिने दुसऱ्यांदा ओढला असता," ते म्हणाले. "मीच सांगणार होतो, ओढ म्हणून. शब्द तोंडात आला होता."

माझ्या हातातली तबकडी मी खाली ठेवली. ते म्हणाले, "तिला कळता कामा नये. ती परत बंदुकीला हात लावणार नाही. मुख्य म्हणजे तिला रात्रीची झोप लागणार नाही. तुझ्या ताईलाही नाही सांगायचं." मी शपथ घेतली. त्या दिवशी मी दूध उतू जाऊ दिलं असतं, भांडं पुसत बसलो असतो, दोन मिनिटं उशिरा गेलो असतो तर काय झालं असतं, याचा विचार करायचा नाही असं मी रोज ठरवतो.

त्या दिवसापासून भाऊजी कोणाच्याही नळीसमोर उभे राहिले नाहीत.

कोणाला पत्ता लागू दिला नाही, हे त्यांचं कसब. त्यांनी भिंतीवर एक मोठा आरसा लावला आणि गिऱ्हाइकांना आरशात नेम धरायला सांगू लागले. मग नळीत घालायची एक लाल लेझरची दांडी आणली. मग कॅमेरा. लोक म्हणाले, मापवाले आधुनिक झाले. डमी काडतुसं त्यांनी एक एक करून कापली आणि वाळू कुंडीत ओतली. आरशातलं माप समोरच्या मापासारखं येत नाही. एका कंत्राटदाराचा गाल महिनाभर काळानिळा होता. एका बाईंच्या बंदुकीचा दस्ता दोनदा कापावा लागला. भाऊजी माफी मागायचे आणि काम परत करून द्यायचे. पूर्वी असं एकदाही झालेलं नव्हतं.

घरीही ते बदलले. बाहेर पडताना कुलूप तीनदा ओढून बघायचे. ताई भाजी चिरायला बसली की सुरीकडे बघत राहायचे. बारकी मैदानावरून यायला जरा उशीर झाला की मला खड्ड्यात फोन, दिसतेय का, ठीक आहे का. ताई मला म्हणाली, "यांना काय झालंय रे? एखाद्या डॉक्टरला दाखवू या का?" मी मूग गिळून बसलो. माझ्यासारख्या बडबड्या माणसाला गुपित सांभाळायला देणं म्हणजे शिक्षाच. पण सांभाळलं.

बारकी मात्र काही विचारत नव्हती. आरसा का, कॅमेरा का, बाबा समोर का येत नाहीत, एक शब्द नाही. मला वाटलं, वयच तसं आहे, स्वतःच्या नादात असेल. माझ्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडायला हवा होता.

यंदाच्या मोसमात तिचा खेळ बसला. पंचवीस तबकड्यांच्या फेरीत ती बावीस-तेवीस फोडायची, ती सतरावर आली, मग पंधरावर. राष्ट्रीय संघाची निवड चाचणी तीन आठवड्यांवर आलेली. कनिष्ठ गटातली तिची ही शेवटची संधी. मी खड्ड्यात असतो, मला तबकडी जाताना दिसते आणि छर्रे कुठून गेले तेही कळतं. तिचे छर्रे वरून जात होते. प्रत्येक वेळी वरून.

कोच म्हणाला, "दोष पट्टीचा आहे. उंच पट्टीची बंदूक वर मारते, हे पोरालाही माहीत आहे. तिला चपटी द्या."

झालं. क्लबात दोन पक्ष पडले. ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नळीवर मागून टोकापर्यंत जी पट्टी असते तिच्यावरून नेमबाज पुढे बघतो, टोकाला एक बारीक मणी असतो. चपटी पट्टी नळीला चिकटलेली असते. मान वाकवून, गाल दस्त्यावर दाबून बघावं लागतं, आणि छर्रे बघाल तिथेच जातात. तबकडी तर वर चढत असते, म्हणून नळी तिच्यावरून वर नेऊन तिला झाकायची आणि मग चाप ओढायचा. उडवताना तबकडी दिसत नाही. उंच पट्टी नळीपासून बोटभर वर उचललेली असते. मान सरळ राहते, छर्रे थोडे वर जातात, आणि तबकडी शेवटपर्यंत मण्याच्या वर दिसत राहते.

निवृत्त जजसाहेब चपटीचे. त्यांचं म्हणणं, जे बघतो तिथे मारावं, बाकी सगळी पळवाट. दातांचे डॉक्टर उंचचे, कारण दिवसभर लोकांच्या तोंडात वाकून त्यांच्या मानेचे हाल झालेले. दोघं चहाच्या टेबलावर असे भांडायचे की बाकीच्यांचा चहा थंड व्हायचा. शेवटी दोघंही म्हणायचे, "मापवाल्यांना विचारा." आणि मापवाले म्हणायचे, "बघतो."

कोचने त्यांना स्पष्टच विचारलं. "समोर उभे राहून बघितलंत का तिला?"

"बघितलं ना," भाऊजी म्हणाले.

मी बाजूलाच होतो. भाऊजींनी माझ्याकडे बघायचं टाळलं.

त्यांनी काय केलं, तर तिला लोखंडी पत्र्यावर नेलं. पत्र्याला चुना फासायचा, मधोमध ठिपका काढायचा, त्यावर बार काढायचा आणि छर्रे कुठे बसले ते मोजायचं. पत्र्यावर बारकीने उंच पट्टीने दहा बार काढले. दोनतृतीयांश छर्रे ठिपक्याच्या वर, एकतृतीयांश खाली. जसे हवेत तसे. भाऊजी मला हळूच म्हणाले, "बंदुकीत दोष काही नाही." ते ऐकून मला हायसं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. बंदुकीत नाही, म्हणजे दुसऱ्या कशात तरी आहे.

मग जजसाहेबांची चपटी बंदूक मागून घेतली. बारकीने त्या बंदुकीने पहिल्या फेरीत एकवीस फोडल्या. कोचने टाळी वाजवली. दुसऱ्या फेरीत अठरा. तिसरीत चौदा, आणि गालाचं हाड लाल झालेलं, मान वाकवून वाकवून अवघडलेली. चाचणी सव्वाशे तबकड्यांची असते. पाच फेऱ्या. तरी ती म्हणाली, "मला चपटीच हवी."

"मान धरेल तुझी," भाऊजी म्हणाले.

"धरू दे. चपटीत शेवटी तबकडी दिसत नाही ना. मला ते बरं वाटतं."

हे वाक्य मी दोनदा ऐकलं, एकदा कानाने आणि एकदा घरी अंथरुणावर पडल्यावर. तबकडी दिसत नाही म्हणून बरं वाटतं असं म्हणणारा नेमबाज मी आजवर बघितला नव्हता.

चाचणीच्या अर्जात कोणती बंदूक वापरणार ते लिहायचं असतं, माप जुळवणाऱ्याची सही लागते आणि एकदा अर्ज गेला की बदल नाही. रविवारी पाचपर्यंत अर्ज द्यायचा होता. रविवारी बाराला भाऊजी खड्ड्याच्या पायऱ्या उतरून आले. शर्ट घामाने पाठीला चिकटलेला.

"वर चल," ते म्हणाले. "मी एकटा नाही करू शकत."

"काय?"

"सही करायची तर समोरून बघायला हवं. चपटीवर सही केली तर सुटेन मी. कोच खूश, ती खूश. समोर उभं राहायला नको." ते पायरीवर बसले. "रोज ठरवतो. आज उभा राहतो म्हणतो. नळी माझ्याकडे वळली की कानात ते दुसरं खट् ऐकू येतं. वरच्या नळीचं. जे झालंच नाही ते."

मी म्हणालो, "भाऊजी, राहू दे. चपटी तर चपटी." मी घाबरलो होतो, ते लपवायचं कशाला.

"चौदा फोडल्या तिने तिसऱ्या फेरीत," ते म्हणाले आणि उठले.

खोलीत बारकी दोन्ही बंदुका उघडून टेबलावर ठेवून उभी होती. भाऊजींनी आधी खोलीतली सगळी काडतुसं, पेट्या, जाकिटं, तिचा कमरेचा पट्टासुद्धा मला गाडीत नेऊन ठेवायला लावला. मी गाडीला कुलूप लावलं आणि किल्ली त्यांच्या हातात दिली. मग त्यांनी उंच पट्टीची बंदूक घेतली. दोन्ही नळ्यांतून खिडकीकडे बघितलं. करंगळी घातली. पुन्हा बघितलं. मला बघायला लावलं. पुन्हा करंगळी. डमी घातलीच नाहीत. "पिन गेली तर गेली," म्हणाले. पाच मिनिटं हे चाललं होतं आणि बारकी खाली फरशीकडे बघत होती.

मग ते जाऊन तीन पावलांवर उभे राहिले. डोळ्याखाली बोट टेकवलं.

"इथे धर."

बारकीने बंदूक उचलली. मी दोघांच्या मधोमध, बाजूला भिंतीशी उभा होतो. नळीचं टोक हवेत लहान लहान गोल काढत होतं. खोलीत तेलाचा वास होता आणि कोणी श्वास घेत नव्हतं. मला वाटलं आपण ओरडावं, थांबा म्हणावं, खोलीत राहिलं असेल एखादं, बंदुकीत असेल, आपल्याला दिसलं नसेल. मी बंदुकीत स्वतः डोकावलो होतो, तरी वाटलं.

"ओढ," भाऊजी म्हणाले.

खट्.

भाऊजींनी श्वास सोडला. "ठीक आहे. डोळा बरोबर बसतोय तुझा."

"हो," बारकी म्हणाली. "मलाही मणी नीट दिसला."

दोघंही खोटं बोलत होती. मी बाजूला उभा होतो, मला दोघांचे चेहरे एकदम दिसत होते. चाप ओढायच्या आधी बारकीचा डोळा घट्ट मिटला होता, आणि त्याच क्षणी भाऊजींचे दोन्ही डोळे मिटले होते. तिने मणी बघितला नव्हता आणि त्यांनी तिचा डोळा बघितला नव्हता. आता ते वळून टेबलाकडे जाणार, सही करणार, आणि ती सव्वाशे वेळा डोळा मिटून चाप ओढणार.

मी शपथ घेतली होती, बारकीला कळू देणार नाही म्हणून. ती मी मोडली नाही. मी फक्त म्हणालो, "तुम्ही दोघांनी डोळे मिटले होते."

बारकीने बंदूक उघडून टेबलावर ठेवली.

"मामा, तुला माहीत आहे ना?" ती म्हणाली. "त्या दिवशीचं."

मी भाऊजींकडे बघितलं.

"त्या दिवशी घरी गेल्यावर जाकिटाचा खिसा रिकामा केला," ती सांगू लागली, आवाज अगदी सपाट. "त्यात एक काडतूस हलकं लागलं. डमी होतं. मी टेबलावरून डमी खिशात भरलं होतं, म्हणजे बंदुकीत काय भरलं असेल ते मला तिथेच कळलं. मी पलंगाखाली जाऊन बसले होते बराच वेळ. आई हाका मारत होती."

"बोलली का नाहीस?" भाऊजींचा आवाज ओळखू येत नव्हता.

"तुम्ही नाही बोललात. मला वाटलं, मला कळलंय हे तुम्हाला कळलं तर तुम्ही मला खेळूच देणार नाही. मग वाटलं, बरं होईल नाही दिलं तर." ती थांबली. "बाबा, तबकडी वर आली की तिथे तुम्ही असता. बोट टेकवून. मी वरूनच मारते. मुद्दाम नाही, पण हात वर जातो. चपटीत झाकली जाते ना, म्हणून मागितली."

भाऊजी स्टुलावर बसले. मला वाटलं ते रडतील, पण ते रडले नाहीत. ते स्वतःच्या तळहाताकडे बघत राहिले.

"चूक तुझी नव्हती," ते म्हणाले. "डमी मी खऱ्यासारखी केली. भरायला तुला दिली. बघितलं नाही. बोटांना वजन कळतं, हा माझा माज. आणि नंतर सांगितलं नाही, ती चूक त्याहून मोठी. दीड वर्ष तुला एकटीला ठेवलं."

"तुम्हीही एकटेच होतात."

"मी मामाला सांगितलं होतं," ते म्हणाले. "मी सोय करून घेतली होती माझी."

मग ते उठले. आता चपटीवर सही करतील आणि जे झालं ते संपेल, असं मला वाटलं, आणि खरं सांगतो, तसंच व्हावं असं मनापासून वाटलं. पण त्यांनी उंच पट्टीची बंदूक उचलली आणि उघडीच तिच्या हातात दिली.

"आता तू बघ. मी बघणार नाही."

सत्तावीस वर्षांत त्यांनी हे बारकी सोडून कोणाला करू दिलं नव्हतं, आणि त्या दिवसानंतर तिलाही नाही. बारकीने खिडकीकडे नळ्या धरल्या. एका नळीत करंगळी घातली, मग दुसऱ्या. पुन्हा पहिल्या. तिचे ओठ पांढरे झाले होते. तिने बंदूक बंद केली. भाऊजी जाऊन उभे राहिले.

"रिकामी आहे," ती म्हणाली.

"बरं. धर इथे."

खट्.

"मी मिटला का?" तिने विचारलं.

"मिटलास," भाऊजी म्हणाले. "आधीच मिटलास. पुन्हा."

म्हणजे त्यांनी बघितलं होतं. ती बंदूक उघडायची, बघायची, बोट घालायची, बंद करायची. आता तीच रिकामी आहे म्हणायची आणि ते बरं म्हणायचे. खट्. मिटलास. खट्. मिटलास. प्रत्येक वेळी तिच्या चेहऱ्यावर तेच, जणू या वेळी खरंच उडणार. प्रत्येक वेळी ते तिच्याकडे बघत उभे. त्यांच्या कपाळावरून घाम डोळ्यांत जात होता आणि ते पुसत नव्हते. एकदा ती म्हणाली, "नाही होत माझ्याने." ते म्हणाले, "माझ्यानेही नाही होत आहे. धर."

मी मोजत होतो, दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून. एकोणिसाव्या वेळी अर्धा मिटला. तेविसाव्याला पापणी नुसती हलली. सव्विसाव्या वेळी खट् झालं आणि तिचा डोळा उघडा होता, मोठा, पाण्याने भरलेला, थेट त्यांच्यावर.

"उघडा होता," भाऊजी म्हणाले. "पट्टीच्या मधोमध. उंच पट्टीच ठेवायची. एक मिलिमीटरसुद्धा हलवायची नाही. अर्ज आण रे इकडे."

मी अर्ज आणला. त्यांनी टेबलाकडे न जाता तो हातात घेतला आणि माझ्या पाठीवर ठेवून सही केली. मला वाटलं गंमत करताहेत. मग लक्षात आलं, त्यांना तिथून हलता येत नव्हतं. पावलं उचलत नव्हती.

"बाबा, बाजूला या आता," बारकी म्हणाली.

"येतो," ते म्हणाले, आणि आले नाहीत. मग बारकीने बंदूक उघडून टेबलावर ठेवली, त्यांच्याजवळ गेली, दोन्ही हातांनी त्यांना दंडाला धरलं आणि एक एक पाऊल टाकायला लावत त्यांना खुर्चीपर्यंत आणलं.